एक बनावट कवि आणि एक खरी तबकडी

कागदाइतकेंच कागदाचें वेष्टनही महत्त्वाचें असतें, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आम्ही गेलीं तीस वर्षें सांगत आलों आहों. दप्तर कोणाच्या घरांत निघालें, रुमाल कोणाच्या नांवाचा होता, पत्र दुसऱ्या कोणत्या पत्राच्या घडींत सांपडलें, हें टिपून ठेवल्यावांचून कोणत्याही कागदाची नक्कल करूं नये, असा आमचा आग्रह असतो. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून हा धडा मराठी वाचकाला नवा राहिलेला नाहीं. असें असतां आम्ही स्वतः एका बाबतींत तो इतका साफ विसरलों, कीं त्याची जाहीर कबुली दिल्यावांचून आतां सुटका नाहीं. प्रकरण मोडी कागदाचें नाहीं. एका इंग्रजी तबकडीचें आहे.

१९८९-९० च्या सुमारास आम्ही पुण्यास वसतिगृहांत राहत असतां एका स्नेह्यानें आम्हांला एक कॅसेट दिली. ती नकलेची नक्कल होती. आंतल्या पुठ्ठ्यावर बॉलपेननें तीनच ओळी लिहिलेल्या: 'थिक ॲज अ ब्रिक', 'जेथ्रो टल, १९७२', 'शब्द: जी. बॉस्टॉक'. कॅसेट नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूस पंचेचाळीस. आणि ही रचना जेमतेम चव्वेचाळीस मिनिटांची. तेव्हां ती सबंध एका बाजूस बसवून आमच्या स्नेह्यानें दुसऱ्या बाजूस भलतेंच कांहीं भरलें होतें. आम्ही ती रात्रीं दिवा मालवून ऐकत असूं. एकच गाणें, आरंभापासून अखेरपर्यंत, कोठेंही न थांबणारें. मध्यभागीं संगीत विरत जाई, वाऱ्याचा घोंघाव ऐकूं येई, आणि त्या घोंघावांतून पुन्हां सूर वर येत. ह्या वाऱ्याचा आम्हीं फार मोठा अर्थ लावला होता. बाल्य संपलें, प्रौढत्व अद्याप आलें नाहीं, अशा मधल्या निर्जन माळावरचा हा वारा, असें कांहींसें तें भाष्य होतें, आणि तें आम्हांला अनेक वर्षें फार आवडत असे.

पुढें प्राध्यापकी लागली आणि एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेंत पाश्चात्त्य संगीतांतील दीर्घ रचनांवर बोलण्याचा योग आला. तेथें आम्हीं सांगितलें, कीं बॉस्टॉक हा कोणी तरुण इंग्रज कवि असून त्याची दुसरी कोणतीही कविता आढळत नाहीं, त्याअर्थीं तो चॅटर्टनप्रमाणें अल्पायुषी असावा. 'असावा' हा शब्द आम्हीं घातला होता खरा. परंतु व्याख्यानाचा सारांश स्मरणिकेंत छापला गेला त्यांत तो गळला, आणि बॉस्टॉक निःसंशय मृत्यु पावला. त्या स्मरणिकेवर विश्वासून आमच्याच एका विद्यार्थिनीनें तें वाक्य आपल्या निबंधांत जसेंच्या तसें उतरून घेतलें. आमच्यावर विसंबलेल्या त्या मुलीचा ह्यांत कांहीं एक दोष नाहीं. जेराल्ड बॉस्टॉक तरुणपणीं वारला नाहीं. कारण तो मुळीं जन्मलाच नव्हता. ही दुरुस्ती येथें देत आहों. आणि ती नीट समजावी म्हणून ह्या तबकडीची हकीकत थोडी विस्तारानें सांगणें भाग आहे.

आरंभ तबकडीच्या द्रव्यापासून केला पाहिजे. जुनी तबकडी लाखेची. मिनिटास ७८ फेरे घेणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत, बारा इंचीवर चार-पांच. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान ह्या थोर गायिकेनें पहिल्यानें तबकड्या भरल्या, तेव्हां रागविस्ताराचें सगळें ऐश्वर्य तिला त्या तीन मिनिटांत कोंडावें लागलें, आणि त्यांतूनही अखेरीस स्वतःचें नांव इंग्रजींत पुकारण्यापुरती जागा राखावी लागली. आपल्याकडील नाट्यपदांच्या कित्येक तबकड्यांत तान ऐन रंगांत आली असतां सुई कांठाला लागते, हें आमच्या वडिलांच्या पिढीनें पुष्कळ अनुभवलें आहे. ही लाख बव्हंशीं आपल्याच देशांतून जगभर जात असे. दुसऱ्या महायुद्धांत तिचा पुरवठा आंखडला, अमेरिकेंत तिच्या वापरावर निर्बंध आले, आणि व्हायनिल नांवाच्या कृत्रिम द्रव्याकडे कारखानदारांचें लक्ष अधिक वेधलें. १९४८ च्या जूनमध्यें कोलंबिया कंपनीनें न्यूयॉर्क येथें बारा इंचांची व्हायनिलची नवी तबकडी पुढें मांडली. ती मिनिटास ३३⅓ फेरे घेई. तिची सरी केसासारखी बारीक होती. आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचें संगीत सलग मावे.

'सरी' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. तबकडीवर पुष्कळ रेघा आहेत असा सर्वांचा समज असतो. वस्तुतः ती एकच रेघ, बाहेरच्या कांठापासून आंत गुंडाळत गेलेली. बावीस मिनिटांची बाजू घेतली तर फेरे सातशेंहून अधिक होतात, आणि ती रेघ उलगडून सरळ केल्यास सुमारें अर्धा किलोमीटर भरेल. हिशेब करून पाहावा. आणखी एक गंमत अशी, कीं तबकडी सारख्याच फेऱ्यांनीं फिरत असली तरी सुईखालून सरणारी सरी सारखी नसते. बाहेरच्या कांठाशीं सेकंदास सुमारें पन्नास सेंटिमीटर, तर आंतल्या टोकाशीं वीस-एकवीस. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत बारीक, तीव्र सूर मळकट होतात आणि मोठा गदारोळ तेथें झेपत नाहीं. शिवाय आवाज मोठा ठेवावा तर सरीला जागा अधिक लागते आणि मिनिटें घटतात. मिनिटें वाढवावीं तर आवाज दबतो. वीस-बावीस मिनिटांची ही मर्यादा कोणा शास्त्रकारानें घालून दिलेली नव्हती. ती पदार्थाच्या स्वभावांतून आली. परंतु वृत्ताच्या बंधनांतून जशी कविता निपजते, तसा ह्या बंधनांतून एक नवा रचनाप्रकार निपजला.

त्याचा पहिला लाभ, सांगण्यास अभिमान वाटतो, आपल्या संगीताला लवकरच झाला. १९५५ सालीं उस्ताद अली अकबर खाँ ह्यांची सरोदवादनाची दीर्घ तबकडी परदेशांत निघाली. तिच्या प्रत्येक बाजूस एकेक राग होता, आणि प्रास्ताविक यहुदी मेन्युहिन ह्या विख्यात व्हायोलिनवादकाचें होतें. इंग्लंडांतील तरुणांना ही वीस मिनिटें हातीं घेण्यास आणखी पंधराएक वर्षें लागलीं. तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा त्यांना वीट आला होता. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ, आपल्या खेड्यांतलीं जुनीं लोकगीतें आणि विजेच्या गिटारीचा दणदणाट ह्या सर्वांचा मेळ घालून त्यांनीं जें संगीत सिद्ध केलें त्यास पुढें 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हें नांव पडलें. ह्या पंथाचा पाया १९६९ सालच्या किंग क्रिम्सनच्या पहिल्या तबकडीनें घातला असें बहुतेक मानतात. त्यानंतर एक बाजू एकाच रचनेनें भरून काढण्याची जणूं चढाओढच लागली. पिंक फ्लॉइडनें १९७० व १९७१ अशीं लागोपाठ दोन वर्षें तसें केलें. इमर्सन, लेक आणि पामर ह्या त्रयीनें १९७१ सालीं केलें. यसनें १९७२ सालीं, म्हणजे आपली तबकडी निघाली त्याच वर्षीं, केलें. त्यांतल्या कांहीं रचना खरोखर उत्तम आहेत. कांहींत मात्र विद्वत्तेचा आव इतका आहे, कीं एम. ए. च्या पहिल्या वर्षाच्या प्रबंधाची आठवण व्हावी.

आतां जेथ्रो टल. हें कोणा वादकाचें नांव नव्हे. १९६७ च्या अखेरीस जमलेल्या ह्या तरुणांना कोणी पुन्हां बोलावीना, म्हणून ते आठवड्या-आठवड्याला नांव बदलून वादनाचे प्रयोग करीत. त्यांचे प्रयोग ठरवणाऱ्या कचेरींत इतिहासाची आवड असलेला एक गृहस्थ होता. त्यानें एके आठवड्यास अठराव्या शतकांतील एका कृषिशास्त्रज्ञाचें नांव लावून दिलें, नेमकें त्याच वेळीं लंडनच्या मार्की क्लबानें पुन्हां आमंत्रण दिलें, आणि नांव कायम झालें. त्यांची पहिली छोटी तबकडी १९६८ सालीं निघाली तिच्यावर हेंही नांव चुकून 'जेथ्रो टो' असें छापलें गेलें. खोट्या कागदपत्रांशीं ह्या मंडळींचा ऋणानुबंध पहिल्यापासूनच होता म्हणावयाचा.

मूळचा जेथ्रो टल (१६७४–१७४१) हा ऑक्सफर्डास शिकलेला, कायदा पढलेला आणि अखेर शेतींत पडलेला गृहस्थ. १७०१ च्या सुमारास त्यानें ओळींत बीं पेरणारें यंत्र केलें. आपल्या शेतकऱ्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं. चाडें, नळ्या आणि फण असलेली पाभर आपल्या देशावर कितीतरी पूर्वींपासून चालत आहे. परंतु टलचें एक विधान मोठें मनोरंजक आहे. आपल्या ग्रंथांत तो लिहितो, कीं तरुणपणीं त्यानें एक ऑर्गन खोलून पाहिला होता, आणि त्याच्या ध्वनिफलकांतील चर, जीभ व कमान ह्यांवरून त्याला बीं सोडण्याची युक्ति सुचली. म्हणजे शेतांतली सरी एका वाद्याच्या पोटांतून निघाली, आणि पावणेतीनशें वर्षांनीं त्याच माणसाच्या नांवानें व्हायनिलवर सरी ओढली गेली. नांव देणाऱ्या त्या इतिहासप्रेमी गृहस्थास हें ठाऊक असेल असें आम्हांला वाटत नाहीं. इतिहासांत योगायोग असतात. त्यांतून सिद्धान्त काढूं नयेत, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें.

ह्या मेळ्याचा नायक, गीतकार आणि गायक इयन अँडरसन हा १९४७ सालीं स्कॉटलंडांतील डन्फर्मलिन येथें जन्मला. गिटारींत एरिक क्लॅप्टनची बरोबरी आपल्या हातून होणें नाहीं, हें ओळखून त्यानें १९६७ सालीं आपली गिटार देऊन बांसरी घेतली. एका पायावर उभें राहून बांसरी वाजविणारा अशी त्याची प्रतिमा जगभर पसरली. आपल्याला ती पाहून मुरलीधराची आठवण होणें साहजिक आहे. परंतु अँडरसन सांगतो, कीं प्रथम तो एका पायावर उभा राहिला तो तोंडानें हार्मोनिका वाजवतांना. वृत्तपत्रांनीं बांसरी म्हणून छापलें, आणि मग छापलेलें खरें करावें म्हणून बांसरी घेऊन तसें उभें राहणें त्याला प्राप्त झालें. हा किस्सा लक्षांत ठेवावा. छापील वाक्याचें बळ किती असतें, हें ह्या मनुष्याला फार लवकर कळलें होतें.

१९७१ सालीं त्यांची 'अ‍ॅक्वालंग' ही तबकडी निघाली. तिच्या दोन बाजूंस दोन निरनिराळीं नांवें होतीं. कांहीं गाणीं रस्त्यावरच्या निराधार माणसांविषयीं, तर कांहीं देव आणि देवाचे दलाल ह्यांविषयीं. परीक्षकांनीं लगेच निर्णय दिला, कीं ही 'कन्सेप्ट आल्बम', म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत एकच सूत्र ओंवलेली तबकडी आहे. तसें कांहीं नाहीं, हीं सुटीं गाणीं आहेत, असें अँडरसन सांगून थकला, ऐकतो कोण! आपल्या मतें परीक्षकांची अगदींच चूक नव्हती. बाजूंना नांवें दिलींत तर वाचक शीर्षकाचा अर्थ शोधणारच. परंतु अँडरसनला राग आला, आणि रागापेक्षां हंसूं अधिक आलें. एकसूत्री तबकडी हवी काय? मग घ्या, अशी कीं पुन्हां मागणार नाहीं.

हा विनोद त्यानें ज्या कसोशीनें रचला ती विनोदाला साजेशी नव्हती. रोज सकाळीं लवकर उठून तो त्या दिवसापुरता भाग लिही, आणि तोच भाग दिवसा सगळे मिळून बसवीत. अशा रीतीनें थोड्याच दिवसांत सबंध रचना पाठ झाली, आणि १९७१ च्या डिसेंबरांत लंडनच्या मॉर्गन स्टुडिओंत तिचें ध्वनिमुद्रण झालें. मार्टिन बार गिटारीवर, जॉन इव्हन पियानो व ऑर्गनवर, जेफ्री हॅमंड बास गिटारीवर आणि नव्यानें आलेला बॅरीमोर बार्लो ताशे-नगाऱ्यांवर. तंतुवाद्यांची मांडणी डेव्हिड पामर ह्यांची (ह्याच आतां डी पामर म्हणून ओळखल्या जातात). अँडरसन गाणें, बांसरी आणि साधी गिटार ह्यांखेरीज व्हायोलिन व तुतारीही हातीं घेतो. एकच गाणें दोन्ही बाजूंवर पसरलेलें. पहिली बाजू साडेबावीस मिनिटांहून कांहींशी अधिक, दुसरी एकवीस.

आणि वेष्टन? वेष्टन म्हणजे एक सबंध वर्तमानपत्र. 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल' ह्या नांवाचें, बारा पानांचें, तीन पेन्स किंमतीचें, शुक्रवार दिनांक ७ जानेवारी १९७२ चें. सेंट क्लीव्ह हें गांव कोणत्याही नकाशावर नाहीं. पहिल्या पानावर मुख्य बातमी अशी: जेराल्ड बॉस्टॉक नांवाचा आठ वर्षांचा मुलगा, ज्याला गांव कौतुकानें 'लिट्ल मिल्टन' म्हणतें, त्यानें एका साहित्यसंस्थेच्या स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळविलें होतें, पण त्यानें आपली कविता दूरचित्रवाणीवर वाचून दाखवितांच लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडला, पंचांनीं मुलाच्या मनाविषयीं चिंता व्यक्त करून बक्षीस काढून घेतलें, आणि धर्मनीतीवर सालस निबंध लिहिणाऱ्या एका मुलीस तें दिलें. ती वादग्रस्त कविता आंतल्या एका पानावर छापली आहे. तीच ह्या तबकडींतील गाणें. इतर पानांवर काय नाहीं? खेड्यांतल्या क्षुल्लक बातम्या आहेत, जाहिराती आहेत, राशिभविष्य आहे, शब्दकोडें आहे, मुलांसाठीं ठिपके जोडून काढावयाचें चित्र आहे. कळस म्हणजे ह्याच तबकडीचें एक परीक्षणही आहे, आणि तें नाक मुरडणारें आहे: तालाचे बदल ओबडधोबड आहेत, मधले वादनाचे तुकडे सामान्य आहेत, परंतु वयाबरोबर सुधारणा होईल, अशा धर्तीचें! परीक्षकांनीं उद्यां काय लिहावें, तें आजच लिहून ठेवलेलें. हा सगळा मजकूर अँडरसन, हॅमंड आणि इव्हन ह्यांनीं बहुतांशीं स्वतः लिहिला. तबकडीच्या कंपनींतील, पूर्वीं वृत्तपत्रांत काम केलेल्या एका गृहस्थानें तो जुळविला. आणि संगीतापेक्षां ह्या वर्तमानपत्राला अधिक काळ लागला असें ते लोक सांगतात. मूळ वेष्टनावर गीतलेखनाच्या श्रेयांत त्या काल्पनिक मुलाचेंही नांव आहे. आमच्या कॅसेटवरचा 'जी. बॉस्टॉक' तो हाच. बारा पानांपैकीं तेवढेंच एक नांव गळत गळत पुण्यापर्यंत पोंचलें होतें.

शीर्षकाचा अर्थही येथेंच सांगून टाकतों. विटेसारखा जाड, म्हणजे आपण ज्याला मठ्ठ किंवा दगड म्हणतों तो. गाण्याचा आरंभ एकट्या गिटारीनें, फार हळुवार होतो, आणि गायक श्रोत्याला प्रारंभींच सांगतो, कीं नको असेल तर तूं ऐकलें नाहींस तरी चालेल. पुढें मूल वाढविण्याच्या रीती, बापाचा अधिकार, शाळा, लष्कर, सभ्य माणसांचा शहाणपणा ह्या सर्वांवर कोरडे ओढले आहेत. चाल मिनिटामिनिटाला कूस बदलते. मात्रांचे हिशेब असे, कीं आपल्या तबलजींनीं मान डोलवावी. तरी एकदां आलेली सुरावट निराळ्या वेषांत पुन्हां पुन्हां भेटते, त्यामुळें ऐकणारा वाट चुकत नाहीं. अखेरीस सगळें वादळ ओसरून पुन्हां तीच एकटी गिटार आणि शीर्षकाचे तेच शब्द. तांत्रिक दृष्ट्याही हें योग्यच झालें. आंतल्या फेऱ्यांत गदारोळ झेपत नाहीं हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. हें समजून केलें कीं सहज घडलें, तें सांगवत नाहीं; परंतु त्या शेवटच्या फेऱ्यांत सुईला त्रास म्हणून होत नाहीं.

बनावट कवींची परंपरा इंग्रजी वाङ्मयांत मोठी आहे. मॅक्फर्सननें १७६० नंतर ऑसियन नांवाचा प्राचीन कवि उभा केला आणि सबंध युरोप त्याच्या भजनीं लागलें. खुद्द गटेनें आपल्या 'वेर्थर'मध्यें त्याला स्थान दिलें. चॅटर्टननें पंधराव्या शतकांतला रौली नांवाचा एक मठवासी कल्पून त्याच्या नांवावर कविता लिहिल्या, आणि १७७० सालीं वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं हा मुलगा मरण पावला. परंतु ह्या दोघांचा उद्देश लोकांना फसविण्याचा होता. लबाडी उघडी पडली ती इतरांनीं पाडली. अँडरसननें आपली लबाडी प्रत्येक प्रतीबरोबर बारा पानें छापून वाटली होती. तरीही पुष्कळांनीं जेराल्ड खरा मानला! ह्यावरून आमच्या मनाचें थोडें समाधान होत असे. पण तें समाधान लंगडें आहे. त्या लोकांच्या हातांत वर्तमानपत्र होतें आणि तें त्यांनीं नीट वाचलें नाहीं. आमच्या हातांत तें नव्हतेंच, आणि तें नाहीं ह्याची आम्हीं चौकशीही केली नाहीं. दोहोंपैकीं मोठा गुन्हा कोणता, हें इतिहासाच्या प्राध्यापकानें न सांगितलेलें बरें.

येथें एक विलक्षण गोष्ट घडली, आणि ह्या तबकडीचें खरें महत्त्व आमच्या मतें तिच्यांतच आहे. अतिलांब, अतिगंभीर रचनांची थट्टा करावयाची म्हणून अँडरसननें सर्वांत लांब रचना केली. पण चव्वेचाळीस मिनिटें नुसती थट्टा करीत कोणालाच गातां येत नाहीं. रोज सकाळीं उठून लिहितां लिहितां त्याच्या हातून खरें काव्य आणि खरें संगीत निघून गेलें. आपल्याकडे केशवकुमारांनीं १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' काढलीं. ज्या कवींची त्यांत टर उडविली त्यांतले कित्येक आज कोणी वाचत नाहीं, आणि झेंडू मात्र ताजा आहे. तरी केशवकुमारांचें विडंबन हें विडंबनच राहिलें. येथें विडंबन आपल्या विषयालाच जाऊन मिळालें. १९७२ च्या जूनमध्यें ही तबकडी अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर होती. इंग्लंडांत ती पांचव्या क्रमांकापर्यंत गेली. रंगभूमीवर ती सबंध वाजवीत, आणि मध्येंच एखादा टेलिफोन खणखणे, मध्येंच हवामानाची बातमी वाचली जाई. म्हणजे संगीताला गांभीर्य चढूं लागलें कीं ते स्वतःच त्याला टांचणी लावीत. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 'अ पॅशन प्ले' ही तशीच दोन्ही बाजूंची रचना केली. तिच्यांत गांभीर्य अधिक, टांचणी कमी. तीही अमेरिकेंत पहिली आली. परीक्षक मात्र तुटून पडले. दोन्ही लागोपाठ ऐकल्या, म्हणजे वर्तमानपत्राचें महत्त्व कळतें.

ह्या लोकांना वेष्टनाची जाण नवी नव्हती. १९६९ सालच्या त्यांच्या 'स्टँड अप' ह्या तबकडीचें वेष्टन उघडलें, कीं आंतून चौघा वादकांच्या कागदी आकृती उभ्या राहत. परंतु १९७२ सालीं वेष्टन, कविता, गाणें आणि तबकडीच्या दोन बाजू असें सर्व मिळून एकच साधन झालें. त्यांतला कोणताही भाग काढला कीं उरलेल्याचा अर्थ बदलतो. कॅसेटनें बाजू काढली, आणि आम्हांला वारा माळावरचा वाटूं लागला. त्या वाऱ्याचें काम अगदीं साधें होतें: श्रोत्यानें उठावें, तबकडी उलटावी, सुई पुन्हां ठेवावी, आणि सुटलेला धागा हातीं यावा. सीडीनें वर्तमानपत्र तळहाताएवढें केलें. तें वाचावयास भिंग हवें. आतां तर मोबाईलच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढें चित्र दिसतें, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या नांवानें लिहिलेली ही तिरकस कविता एखाद्या प्रौढ तत्त्वज्ञाची म्हणून कानांत शिरते. २०१२ सालीं अँडरसननें ह्या रचनेचा उत्तरभाग काढला. चाळीस वर्षांत जेराल्डचें काय झालें असेल, ह्याच्या त्यांत निरनिराळ्या शक्यता आहेत: तो सावकारी पेढीवर गेला असेल, बेघर झाला असेल, सैनिक झाला असेल, किंवा अगदीं सामान्य माणूस. 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल'ही त्यांत आहे. पण तें आतां छापील पत्र नसून संगणकावरचें संकेतस्थळ झालेलें. हा शेवटचा विनोद आम्हांला थोडा बोंचला.

लोक तबकडीकडे परत वळत आहेत हें खरें. २०२२ सालीं अमेरिकेंत सुमारें चार कोटी दहा लाख तबकड्या खपल्या आणि सीडी सुमारें तीन कोटी तीस लाख. ह्यांतल्या किती तबकड्यांवर सुई टेकली असेल, ह्याविषयीं आम्हांला शंका आहे. भिंतीवर लावण्यासाठीं घेणारेही आहेत. पण निदान वेष्टन मूळच्या मापाचें झालें, हेंही नसे थोडके.

आम्हांला सत्य कळलें तें २०११ सालीं, मुंबईच्या चोरबाजारांत. जुन्या घड्याळांच्या आणि पितळी दिव्यांच्या मागें तबकड्यांची एक थप्पी होती. तींत मळकट वर्तमानपत्र गुंडाळल्यासारखें कांहीं दिसलें. विक्रेत्यानें तें आमच्या हातांतून घेत म्हटलें, "साहेब, ह्याचा कागद खराब झालाय. साधं कोरं कव्हर घालून देतो, पंचवीस रुपये कमी द्या." शीर्षक वाचून आम्हीं नुसतें पान उलटलें, आणि तेथेंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, जेराल्ड बॉस्टॉकची सगळी हकीकत उभ्या उभ्या वाचली. वीस वर्षांचें तें वाऱ्यावरचें भाष्य, ती स्मरणिका, तो निबंध, सर्व एका मागून एक डोळ्यांपुढें आलें. कागदासकट, आणि पंचवीस रुपये कमी न देतां, आम्हीं ती तबकडी घेतली.

त्या मुलीला आम्हीं त्याच रात्रीं पत्र लिहिलें. तिचें उत्तर आलें तें मोठें शालीन होतें, तिनें एवढेंच विचारलें, "सर, मग बाकीच्या अकरा पानांत काय आहे?" पुढच्या सुट्टींत ती घरीं आली, तेव्हां दोघांनीं मिळून तीं सर्व पानें वाचलीं. पूर्वींच्या कोणा धन्यानें ठिपक्यांचें चित्र निळ्या पेन्सिलीनें जोडलें होतें, बहुधा घरांतल्या लहान मुलानें. रेघ दोन ठिकाणीं चुकली आहे. शब्दकोडें मात्र मोठ्या माणसाच्या अक्षरांत बरेंच सुटलेलें होतें. उरलेल्यांपैकीं तीन शब्द तिनें शोधले, एक आम्हीं. खालच्या कोंपऱ्यांतले दोन अद्याप रिकामे आहेत.